तुळसाबाईंचे पाय आणि अठ्ठेचाळीस ‘हो’

शिशुविकास दूरनिरीक्षण केंद्र, नागपूर, या भारदस्त नावाच्या संस्थेच्या दप्तरात तुळसाबाई गजभिये हे नाव एकदाही येत नाही. १२ फेब्रुवारी १९७९च्या नोंदवहीत ‘सोबत एक वयस्क बाई, निरक्षर’ असा उल्लेख आहे, तो त्यांचाच. पारशिवनी तालुक्यातल्या निंबटेक या गावी त्यांच्या हातून जन्मलेल्या तीनशेहून अधिक माणसांच्या जन्मतारखा कुठे ना कुठे लिहिलेल्या सापडतात. त्यांची स्वतःची सापडत नाही. त्या ‘मोठ्या पुरानंतरच्या साली’ जन्मल्या असे त्यांचे नातलग सांगतात. मोठे पूर किमान तीन आले होते.

तुळसाबाई सुईण होत्या. छप्पन साली त्यांच्या घराने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परतल्यावर गावाची परंपरेने अंगावर पडलेली कामे सोडली. बाळंतपण मात्र तुळसाबाईंनी दोन अटींवर चालू ठेवले: घरात शिरायचे ते पुढच्या दाराने, आणि चहा प्यायचा तो घरातल्या कपातून. या अटी ऐकून गावाने दीड वर्ष दुसरी सुईण शोधली. त्या दीड वर्षात गावातल्या बायका बाळंत व्हायच्या थांबल्या नाहीत, त्यामुळे धर्मशास्त्राचा प्रश्न आपोआप निकाली निघाला.

त्यांचे खरे कसब बाळंतपणानंतर सुरू होई. पाटावर बसून त्या दोन्ही पाय लांब करत, नडग्यांच्या खाचेत बाळाला आधी उताणे आणि मग पालथे घालत आणि तेल चोळून ऊन पाण्याने न्हाऊ घालत. शेवटी बाळाचा उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावायचा, असा दोन्ही बाजूंनी तीनतीनदा. हे सगळीकडेच करतात. फरक इतकाच की तुळसाबाईंच्या नडग्यांना स्मरणशक्ती होती. कोणते लेकरू कितव्या महिन्यात पायावर पालथे पडून मान उचलते, कोणते कमरेत ढिले आहे, कोणते मांडी उघडू देत नाही, हे त्यांना हातापेक्षा पायांनी आधी कळे. लेकरू धड बसू लागेपर्यंत गावातली घरे त्यांनाच बोलावत.

३ मार्च १९७८ रोजी गोविंदा आणि वच्छला या शेतकरी जोडप्याला मुलगी झाली. ती लवकर रडली नाही. तुळसाबाईंनी तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, आणि घरातल्यांनी देवाचे नाव घेऊन संपवल्यावर ती रडली. नाव ठेवले सुभद्रा. उशिरा रडली म्हणून आरोग्य केंद्राच्या नर्सने तिचे नाव ‘जोखमीची बालके’ या यादीत घातले, आणि यादी नागपूरला धंतोलीतल्या केंद्राकडे गेली.

केंद्राची योजना अत्यंत आधुनिक होती. बाळ पाहण्यासाठी बाळाजवळ जाणे ही जुनी, खर्चिक आणि धुळीची पद्धत तिने रद्द केली होती. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात पालकांना जवाबी पोस्टकार्ड जाई. त्यावर बारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी. पालकांनी खूण करून कार्ड परत टाकावे, केंद्राने बेरीज करावी, आणि बेरीज कमी भरली तर बाळाला नागपूरला बोलावून व्यायामोपचार सुरू करावेत. उपचार फक्त वर्षाच्या आतील बालकांना मिळतील, असे कार्डाच्या तळाशी ठळक छापले होते. वर्ष उलटल्यावर अंग वळवणे कठीण जाते, हे कारणही दिले होते, आणि संपूर्ण कार्डावरचे ते सर्वांत शहाणे वाक्य होते.

प्रश्न कुठल्याशा परदेशी तक्त्यावरून उतरवले होते. ‘बाळ टेबलाची कड धरून उभे राहते का?’ निंबटेकमध्ये टेबल एकच होते. ते डाकघरात होते आणि त्यावर गोंदाची बाटली असे. ‘बाळ आरशातील प्रतिमेकडे पाहून हसते का?’ दात येण्याआधी लेकराला आरसा दाखवू नये, हे त्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक होते, केंद्राला नव्हते. तरीही एक्केचाळीस गावांतून आलेल्या प्रत्येक कार्डावर आरशाच्या प्रश्नापुढे ‘हो’ आहे. एकही अपवाद नाही. संशोधनात इतकी एकवाक्यता क्वचितच पाहायला मिळते.

यामागचे कारण केंद्राखेरीज सर्वांना माहीत होते. पोस्टकार्ड उघडे असते. निंबटेकचे डाकघर म्हणजे भैयाजींची ओसरी. भैयाजी हे शाखा पोस्टमास्तर. बहुतेकांना वाचता येत नसल्याने आलेले कार्ड ते मोठ्याने वाचून दाखवत, आणि ज्यांना वाचता येई त्यांचेही सवयीने वाचत. जाणारे कार्ड शिक्का मारण्यापूर्वी वाचणे हे ते कर्तव्याचा भाग मानत. अशा कार्डावर, माझ्या लेकराची मान धरत नाही, असे कोण लिहून देईल? दृष्ट लागायला कार्डाला नागपूरपर्यंत जावेही लागले नसते.

सुभद्रा तिसऱ्या महिन्यात असताना तुळसाबाईंनी न्हाऊ घालता घालता हात थांबवला.

“वच्छला, ह्या हाताचा आंगठा पाह्य वं. मुठीच्या आत घालून ठेवते.”

“लहान हाय ना, मावशी.”

“डाव्या हाताचा बाहेर हाय. तो का मोठा हाय?”

वच्छलाची सासू रुखमाबाई चुलीपासूनच ओरडली, “तुळसा, तेल चोळ. भविष्य नको सांगू.”

तुळसाबाईंनी तेल चोळले. पुढच्या महिन्यात उजवा हात डाव्या पायापर्यंत येईना. पाचव्यात उजवी मांडी उघडेना. पालथे घातले की पोर एका अंगाने धनुष्यासारखी वळे. त्यांनी हे रुखमाबाईला तीनदा सांगितले. रुखमाबाई मूर्ख नव्हती. तिने हे स्वतःही पाहिले होते. पण तिच्या धाकट्या मुलीची सोयरीक रामटेकच्या एका घराशी चालू होती, आणि घरात ‘असे लेकरू’ आहे हे कळले की पाहुणे कोणत्या वेगाने उठतात, हे तिने आपल्या बहिणीच्या वेळी पाहिले होते. त्यामुळे कार्ड आले की ती सातवी पास सुनेच्या डोक्याशी उभी राही.

“पालथी पडल्यावर मान उचलते का?” वच्छला वाचे.

“हो लिही.”

“दोन्ही हातांनी वस्तू पकडते का?”

“हो लिही.”

“आरशात पाहून…”

“आरसा दाखवला कोनं? दात आले का तिले?”

“मंग काय लिहू, आत्याबाई?”

“हो लिही. ते का पाहाले येऊन राहिले?”

रुखमाबाईचा हा तर्क योजनेच्या मूळ आराखड्याशी शब्दशः जुळणारा होता. चार कार्डांवर मिळून अठ्ठेचाळीस खुणा झाल्या आणि अठ्ठेचाळीसही ‘हो’वर. चौथ्या कार्डानंतर केंद्राने अभिनंदनाचे छापील कार्ड पाठवले. भैयाजींनी ते ओसरीवर दोनदा वाचून दाखवले. दहा महिन्यांची सुभद्रा तेव्हा आधाराशिवाय बसत नव्हती.

जानेवारी १९७९मध्ये तुळसाबाई डाकघरात गेल्या. त्यांनी आयुष्यात कोणाला पत्र लिहिलेले नव्हते, म्हणून भैयाजींना आश्चर्य वाटले.

“बंद होते तो कागद द्या जी. निळा.”

“आंतरदेशीय? कोनाले लिवतं, तुळसाबाई?”

“तुमाले वाचाले भेटन नाई, अशाले.”

त्या निळ्या कागदावर वच्छलाने तुळसाबाईंच्या झोपडीत बसून, सासूला न कळवता, सगळे लिहिले: उजवी मूठ, उजवी मांडी, आंगठा, बसणे. आमची कार्डे खरी नव्हती, हेही लिहिले. मुलीला वर्षाच्या आत पाहावे आणि उत्तर बंद पत्राने द्यावे, अशी विनंती केली. हे पत्र केंद्राच्या फायलीत आजही आहे. डाव्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा आहे: ‘विहित नमुन्यात नाही.’

उत्तर नऊ दिवसांत आले. पोस्टकार्डावर.

दुपारची वेळ होती, ओसरीवर दहाबारा माणसे होती. भैयाजींनी चष्मा लावला. “‘श्री. गोविंदा यांस, सप्रेम नमस्कार. आपले आंतरदेशीय पत्र पावले. आपली कन्या सुभद्रा हिच्या…’” इथे त्यांचा आवाज मंदावला, पण वाक्य सुरू झाले की पूर्ण करायचे ही त्यांची सरकारी शिस्त होती. “‘…हिच्या उजव्या अंगाच्या ताठरपणाविषयीची माहिती विहित कार्डावर नसल्याने ग्राह्य धरता येत नाही. तरी सदर माहिती जवाबी कार्डावर…’”

“काय म्हनलं, भैयाजी? ताठर का?”

“कोनाची, गोविंदाची पोट्टी?”

“मीन काई नाई म्हनलं गा,” भैयाजी म्हणाले. “कार्ड म्हनून राहिलं.”

गोपनीयतेची विनंती इतक्या पूर्णपणे मान्य झाल्याचे दुसरे उदाहरण उपलब्ध नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळले. आठवड्यात रामटेकला कळले. रामटेकच्या पाहुण्यांनी, आमच्याकडे यंदा मुहूर्त निघत नाही, असा निरोप धाडला. त्याच दिवशी रुखमाबाई तुळसाबाईंच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

“माह्या पोरीची सोयरीक मोडवली तू, तुळसा. बारा घरं हिंडनारी, तुले दुसऱ्याच्या घराचं काय?”

“कार्ड मीन वाचलं का?”

“लिवाले तूनंच लावलं ना! आजपासून माह्या घराची पायरी चढायची नाई.”

“नाई चढत. पन तुह्या पोरीले दुसरी सोयरीक येईन, रुखमा. ह्या पोट्टीचं पयलं वर्ष दुसऱ्यांदा नाई येत. महिना राह्यला.”

रुखमाबाई यावर काय म्हणाली, याच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीनुसार ती शिव्या देत गेली, दुसरीनुसार काहीच न बोलता गेली. दोन्हीनुसार ती गेली.

१२ फेब्रुवारीला पहाटे वच्छला सुभद्राला कडेवर घेऊन तुळसाबाईंकडे आली. हातात पिशवी होती.

“आत्याबाईले सांगितलं?” तुळसाबाईंनी विचारले.

“सांगितलं. त्याइनं अडवलं नाई. आता लपवाले उरलंच काय, मावशी? सगळ्या गावाले माहीत झालं. चाला, गाडी चुकन.”

केंद्राच्या उघड्या कार्डाने जे केले ते तुळसाबाईंच्या इतक्या महिन्यांच्या सांगण्याने झाले नव्हते, ही गोष्ट केंद्राच्या बाजूने नोंदवायलाच हवी. दोघी आमडी फाट्यावरून कन्हान, कामठी करत लाल गाडीने नागपूरला पोचल्या आणि विचारत विचारत धंतोलीत आल्या. वाढदिवसाला एकोणीस दिवस उरले होते.

संचालक डॉ. शरच्चंद्र टेंभेकर हे सौम्य, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी फाईल उघडली, चारही कार्डे टेबलावर ओळीने मांडली आणि चष्म्यावरून पाहिले.

“अहो, ही मुलगी तर उत्तम आहे. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस. एवढे गुण माझ्या नातवाला नाहीत.”

“ते मीच लिवले, डॉक्टरसाहेब,” वच्छला म्हणाली. “खोटे लिवले.”

“खोटे? कार्डावर पालकांची सही असते, बाई.”

“सही खरी हाय जी.”

डॉक्टरांनी फायलीकडे पाहिले आणि मग मुलीकडे. ही मुलगी फायलीतलीच कशावरून, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. तेवढ्यात तुळसाबाईंनी कोणाची परवानगी न घेता फरशीवर बसकण मारली, लुगडे गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केले आणि सुभद्राला वच्छलाच्या कडेवरून काढून नडग्यांवर उताणे घातले.

“अहो, हे काय करता? इथे तपासणीचे टेबल आहे.”

“टेबलावर पोट्टी घट्ट होते, साहेब, भेते. इथं पाहा. ही डावी बाजू.” डावा हात उजव्या पायाला सहज लागला. “आता ही.” उजवा हात अर्ध्यावर येऊन थांबला, मूठ आवळली गेली आणि मुलीची उजवी टाच वर उचलली गेली. “मीन वढलं नाई. तुमी लावून पाहा.”

डॉक्टर उकिडवे बसले. त्यांच्या पँटची इस्त्री बिघडली, याला साक्षीदार आहेत. त्यांनी मांडी उघडून पाहिली, मनगट वळवून पाहिले, पुन्हा मांडी पाहिली.

“कोणत्या महिन्यापासून?”

“आंगठा तिसऱ्यापासून. मांडी पाचव्यापासून.”

“पाचव्या महिन्यात तुम्हाला हे कळलं? हे तुम्हाला शिकवलं कोणी?”

“सासूनं. तिचा हात लय कडक होता. चुकलं का पाठीत बसे.”

मग तपासणी रीतीप्रमाणे पुढे गेली. लाकडी ठोकळे आणले. सुभद्राने ते डाव्या हाताने फेकले. आरसा आणला. तोवर तिला खालचे दोन दात आले होते, त्यामुळे वच्छलाने हरकत घेतली नाही. सुभद्राने आरशात पाहिले आणि खदखदून हसली. केंद्राच्या इतिहासातले आरशाच्या प्रश्नाचे हे पहिले खरे ‘हो’ असावे. ते नोंदवले गेले नाही, कारण त्या चौकटीत खूण आधीच होती.

उपचार आवश्यक आहेत आणि आजच सुरू करावेत, असे डॉक्टरांनी सांगितले. अडचण कारकुनाने काढली. सुभद्राची फाईल ‘सामान्य’ म्हणून बंद झाली होती. ती उघडली तर पारशिवनी तालुक्याचा आकडा बदलणार होता. आणि तो आकडा, म्हणजे ‘शून्य दोष’, असलेला वार्षिक अहवाल छापखान्यात गेला होता.

“म्हणजे हिला उपचार द्यायचे नाहीत?” डॉक्टरांनी विचारले.

“उपचार द्या, साहेब. फाईल उघडू नका.”

शेवटी नवी नोंदणी झाली. १२ फेब्रुवारी १९७९पासून केंद्राच्या दप्तरात एकाच बापाच्या, एकाच गावच्या, एकाच जन्मतारखेच्या दोन सुभद्रा आहेत. पहिली निरोगी असून निंबटेकला राहते. तिला तिसऱ्या वर्षापर्यंत छापील अभिनंदने जात राहिली. दुसरीचे उजवे अंग ताठ आहे आणि ती दर पंधरा दिवसांनी नागपूरला येते. दोघींची कधी गाठ पडल्याची नोंद नाही.

व्यायाम शिकवणारी बाई नागपूरला टेबलावर जे शिकवी, ते वच्छला लक्षात ठेवी आणि घरी आल्यावर तुळसाबाईंच्या पायांवर पोर ठेवून दोघी ते करत. आधी हे तुळसाबाईंच्या झोपडीत चाले. सव्वा महिन्याने एका सकाळी रुखमाबाई स्वतः पाणी तापवून बसली आणि तिने निरोप पाठवला, पोट्टीले उन्हातून कशाले नेता, इथंच करा. माफी कोणी मागितली नाही. रुखमाबाईच्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी कन्हानला झाले. रामटेकचे ते घर मात्र कायमचे गेले. त्या घराविषयी रुखमाबाई अखेरपर्यंत हळहळली. तिची हळहळ खोटी होती असे म्हणता येणार नाही.

आसपासच्या गावांतल्या बायका मग तुळसाबाईंकडे येऊ लागल्या. त्या कार्ड आणत नसत, लेकरू आणत. तुळसाबाई पाय लांब करत, लेकरू घालत, आणि बहुतेकींना, काई नाई वं, जा घरी, असे सांगून परत पाठवत. ज्यांना तसे सांगत नसत, त्यांना नागपूरच्या गाडीची वेळ सांगत. अशी वर्षभरात सात मुले केंद्रात पोचली. सातही जणांच्या फायलींत सर्व उत्तरे ‘हो’ होती.

केंद्राने याची गंभीर दखल घेतली. १९८०च्या अहवालात डॉ. टेंभेकरांच्या समितीने म्हटले आहे की शून्य दोष असलेल्या तालुक्यात अल्पावधीत आठ रुग्ण आढळणे चिंताजनक आहे. याचे कारण स्थानिक पाण्यात असण्याची शक्यता तपासावी. लेकरे मोजण्याची पद्धत तपासावी, ही सूचना समितीत कोणी मांडल्याचे इतिवृत्तात दिसत नाही. टेंभेकर स्वतः फरशीवर बसून तपासू लागले होते, असे जुने कर्मचारी सांगतात; पण बैठकीत ते खुर्चीवरच बसत.

त्याच वर्षी मे महिन्यात जीप आली. पाण्याचे नमुने घेणाऱ्या माणसाने बाटल्या काढल्या आणि गोविंदाच्या अंगणात बसलेल्या तुळसाबाईंना विचारले, “बाई, प्यायच्या पाण्याची विहीर कोणती?”

“ते का दिसून राहिली, चिंचेखाली. काहून?”

“इथल्या मुलांत दोष वाढलाय म्हणे. पाण्यामुळे असेल.”

तुळसाबाईंच्या पायांवर तेव्हा कोणाचे तरी अडीच महिन्यांचे लेकरू होते. त्यांनी त्याच्या पाठीवर पाणी ओतले. “वाढला नाई, भाऊ. पयले लिवत नव्हते.”

त्या माणसाकडे यासाठी बाटली नव्हती. तो विहिरीकडे वळला. जीप पाहायला सुभद्रा घरातून निघाली होती. सव्वादोन वर्षांची, उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती आणि उजवा हात कोपरात दुमडलेला होता. रुखमाबाई तिच्यामागे दोन्ही हात पसरून, पण तिला न धरता चालत होती. दाराच्या चौकटीशी सुभद्रा थांबली, तिने भिंत सोडली आणि अंगणातली अकरा पावले कोणाला न विचारता टाकली. बाराव्याला ती पडली.

“नका उचलू, आत्याबाई,” वच्छला आतून म्हणाली.

सुभद्रा जीपच्या चाकाला धरून उठली.